फी भरली, पुढे काय?

प्रश्न : यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही नैरोबीत राहतो. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंची मुलगी नववीच्या परीक्षेत चांगली उतरली आणि तिला मचाकोसच्या बाजूच्या एका निवासी शाळेत दहावीला जागा मिळाली आहे. आईने फीसाठी मदत मागितली. आमची तयारी आहे, पण पैसे आईच्या हातात द्यावेत की शाळेत भरावेत? दोन वर्षांनी आम्ही पुण्याला परतलो तर पुढे काय? मुलीला अभ्यासातही मार्गदर्शन करावे असे वाटते, ते कसे जमेल?
— एक वाचक, नैरोबी

उत्तर : ताई, पैसे शाळेच्या बँक खात्यात भरा. मुलीचा प्रवेश क्रमांक घाला आणि पावती आईकडे द्या. यात आईवर अविश्वास मुळीच नाही. घरात रोख आली की आधी खोलीचे भाडे उभे राहते, मग धाकट्याचा ताप, मग गावाकडची मयत. सख्ख्या भावाला नाही म्हणणे कोणालाच जमत नाही. शाळेत भरलेला पैसा मात्र कोणी मागू शकत नाही. नैरोबीत शिकवत असताना आयाच मला सांगायच्या, मॅडम, पैसे माझ्याकडे देऊ नका, सरळ शाळेत टाका.

आता आकडे पाहू, कारण फी म्हणजे नेमके किती याचा अंदाज नसताना माणूस शब्द देऊन बसतो. केनियात 2008 पासून माध्यमिक शिक्षण कागदावर मोफत आहे. सरकारने दर विद्यार्थ्यामागे वर्षाला 22,244 शिलिंग शाळेला द्यायचे ठरलेले आहे. त्यात शिकवण्याचा खर्च धरलेला आहे, राहण्या-जेवणाचा नाही. तो पालकांवर येतो. वरच्या श्रेणीच्या सरकारी निवासी शाळांसाठी ठरलेली फी वर्षाला 53,554 शिलिंग आहे. शिलिंग साधारण 70 पैशांचा धरा. ही फी तीन सत्रांत 50, 30 आणि 20 टक्के अशी घेतली जाते, म्हणजे निम्मी रक्कम जानेवारीतच. नैरोबीत घरकामगाराचे किमान वेतन महिन्याला 16 हजार शिलिंगांच्या आसपास आहे आणि तेवढेही सगळीकडे मिळत नाही. पहिल्या सत्राची फी भरायची तर त्या बाईंनी दीड महिन्याहून अधिक काळ घरात दाणा आणायचा नाही.

एवढ्यावर भागत नाही. प्रवेशपत्रासोबत सामानाची यादी येते : पत्र्याची पेटी आणि तिचे कुलूप, गादी, ब्लँकेट, चादरी, धुण्याचे घमेले, बादली, गणवेशाचे दोन जोड, खेळाचा पोशाख, काळे बूट, कंपासपेटी, शब्दकोश. ही यादी मी फार जवळून पाहिली आहे. फीची सोय झालेली मुले या यादीपायी फेब्रुवारी उलटला तरी घरी बसलेली असतात. मदत करणारा म्हणतो, फी तर भरली. गादी कोण घेणार, हा प्रश्नच त्याला पडलेला नसतो. तुम्ही आईला बरोबर घेऊन गिकोंबाच्या बाजारात जा, पेटी आणि गादी तिथे स्वस्त मिळेल. सॅनिटरी पॅडचाही हिशेब धरा. 2017 च्या कायद्याने सरकारने ते शाळेत मोफत द्यायचे आहेत, पण पुरवठा सगळीकडे वेळेवर पोचत नाही. मुलगी लाजेपोटी मागणार नाही. तुम्हीच न विचारता पेटीत ठेवा.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही आणि जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या बाई तुमच्याकडे नोकरी करतात. उद्या त्यांनी दुसरे घर धरले, किंवा तुमचे त्यांच्याशी बिनसले, तर मुलीची फी थांबेल का? याचे उत्तर आजच ठरवा आणि आईला स्पष्ट शब्दांत सांगा : नोकरी राहो न राहो, मुलीची तीन वर्षे पूर्ण होतील. हे सांगितले नाही तर ती बाई सुट्टी मागायला, पगारवाढीबद्दल बोलायला, काही खटकले तर ते सांगायलाही कचरेल. मुलीचे शिक्षण तिच्या तोंडाला लावलेले कुलूप होऊ देऊ नका. फी पगारातून कापून घेण्याचा विचार तर मनातही आणू नका. मुलीचे फोटो मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तीही तिथे मोठी होते आहे, तिच्या मैत्रिणींच्या घरी कोणीतरी तो फोटो पाहणारच.

दोन वर्षांनी परतायचे आहे म्हणता, तर हिशेब दोनचा नको, तीनचा करा. नव्या अभ्यासक्रमात दहावी, अकरावी आणि बारावी ही वरच्या माध्यमिकची तीन वर्षे आहेत. ही नवी दहावी जानेवारी 2026 पासून सुरू झाली. त्याआधी फॉर्म वन ते फॉर्म फोर अशी चार वर्षे असायची. सर्वांत जास्त गळती मी मधल्या वर्षी पाहिली. पहिल्या वर्षी सगळे हौसेने मदत करतात, शेवटच्या वर्षी परीक्षा जवळ आली म्हणून करतात, मधल्या वर्षी कोणाला आठवण राहत नाही. तिसऱ्या वर्षाचे पैसे आजच वेगळे काढून ठेवा. जमणार नसेल तर जेवढे जमेल तेवढेच कबूल करा, उरलेल्यासाठी आईला आत्तापासून दुसरी दारे ठोठावता येतील.

ती दारे आहेत. मतदारसंघाच्या विकासनिधीतून बर्सरी, म्हणजे फीसाठीची मदत मिळते, काउंटी (तिथला जिल्हा) सरकारचीही मिळते. रक्कम थोडी असते आणि धनादेश उशिरा निघतो, तोवर शाळा मुलांना फी आणायला घरी पाठवते. तरी अर्ज करायचाच. सगळे नातेवाईक, शेजारी, चर्चची मंडळी मिळून वर्गणी काढतात ती हरांबे तिथली जुनी रीत आहे, त्यात तुमचा हातभार लावायला हरकत नाही. पूर्ण खर्च उचलणाऱ्या शिष्यवृत्त्यांत इक्विटी ग्रुप फाउंडेशनची ‘विंग्ज टू फ्लाय’ सर्वांना माहीत आहे. 2010 साली मास्टरकार्ड फाउंडेशनच्या साथीने ती सुरू झाली. फी, पुस्तके, गणवेश, प्रवासखर्च, हातखर्च आणि शिवाय मार्गदर्शन, असे सगळे त्यात आहे. निवड स्थानिक समिती करते, घरी जाऊन पाहते. शिक्षक, चीफ (सरकारने नेमलेला स्थानिक अधिकारी) आणि धर्मगुरू या तिघांना गावातली खरी परिस्थिती ठाऊक असते, म्हणून त्यांचा शब्द लागतो. चांगले गुण आणि खरी गरज, दोन्ही लागतात. अर्जाची वेळ गेली असेल तर धाकट्या भावंडासाठी लक्षात ठेवा.

मार्गदर्शनाबद्दल. निवासी शाळांत मुलांना मोबाइल ठेवू देत नाहीत, त्यामुळे सत्र चालू असताना व्हिडिओ कॉलवर शिकवायचे मनातून काढून टाका. एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबर या सुट्ट्या तुमच्या. सत्रात एक भेटीचा दिवस असतो, त्या दिवशी जा. आया डबे घेऊन येतात, पिलाव, कोंबडी आणि हो, चपात्या. आपल्याकडून तिकडे गेलेली चपाती आता केनियाच्या घराघरात सणाची आहे. ज्यांना भेटायला कोणी येत नाही त्या मुली त्या दिवशी वर्गात बसून राहतात.

गणित शिकवायला शिक्षक आहेत. तुमची गरज वेगळ्या कामासाठी आहे. माझ्या माहितीतली एक मुलगी, फी पूर्ण भरलेली, गुणही उत्तम, दुसऱ्या वर्षी ऑगस्टच्या सुट्टीनंतर परतलीच नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्यांच्या नोंदीत ती हजर होती, कारण पैसे भरलेले होते. वर्गशिक्षिकेने शोध घेतला तेव्हा कळले, आजी अंथरुणाला खिळली आणि दोन लहान भावंडांना सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते. शेजारच्या एका काकूंनी भावंडांची जबाबदारी घेतली, धान्याची सोय झाली आणि मुलगी परतली. यात पैसा फार लागला नाही. ती दिसत नाही हे वेळेवर कोणाच्या तरी लक्षात यावे लागले. सत्र सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षिकेला फोन करून ‘आली का?’ एवढे विचारायचे, हे काम तुम्ही पुण्याहूनही करू शकाल. गुणपत्रिका जरूर पाहा, पण ‘गुण घसरले तर मदत बंद’ हे वाक्य कधी उच्चारू नका. घसरले तर का घसरले ते विचारा.

आणि हेही विचारा की तिला काय व्हायचे आहे. आता तिथे दहावीलाच विज्ञान-तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि कला-क्रीडा असे तीन मार्ग फुटतात. नैरोबीत तिच्याच गावची एखादी नर्स, सर्व्हेअर किंवा शिक्षिका शोधा आणि सुट्टीत दोघींची भेट घालून द्या. अशा एका भेटीने जे होते ते तुमच्या-माझ्या सल्ल्याने होत नाही.

प्रश्न : मी साताऱ्याचा निवृत्त मुख्याध्यापक. सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजनेत आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुली शिकल्या. आफ्रिकेत असे काही आहे का? इथून मला काय करता येईल?

उत्तर : सर, आहे, आणि त्यातले एक काम तुम्हाला नक्की आवडेल. कॅमफेड ही संस्था 1993 मध्ये झिम्बाब्वेच्या ग्रामीण भागात 32 मुलींना शाळेत पाठवून सुरू झाली. त्या पहिल्या तुकडीतल्या अँजेलिन मुरिमिरवा पुढे त्याच संस्थेच्या प्रमुख झाल्या. झिम्बाब्वे, झांबिया, मलावी, टांझानिया आणि घाना या देशांत संस्थेचे काम आहे. शिकून बाहेर पडलेल्या मुलींनी 1998 मध्ये आपली संघटना बांधली, आणि त्यातल्या अनेक जणी ‘लर्नर गाइड’ म्हणून आपल्याच भागातल्या शाळेत परततात. आठवड्यातून एकदा वर्गात बसतात, अभ्यास कसा करावा, घरी कसे बोलावे, न आलेल्या मुलीच्या घरी कोणी जावे, हे सगळे पाहतात. बदल्यात त्यांना अध्यापनासाठी उपयोगी पडणारी पात्रता आणि बिनव्याजी कर्ज मिळते. दत्तक पालकाचे काम तिथे थोरली बहीण करते आहे. मला हे फार मोलाचे वाटते.

इथून तिथल्या शाळकरी मुलांना व्हिडिओवर शिकवण्याचा आग्रह मी धरणार नाही. गावात वीज आणि डेटाचा खर्च आहेच, पण मुख्य म्हणजे ते काम तिथल्या मुली अधिक चांगले करत आहेत. द्यायचे असेल तर त्यांच्या कामाला पैसा द्या. तुमचा वेळ मात्र जवळच लागणार आहे. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर आफ्रिकेतून मुले पुण्यात पदवीसाठी येतात, त्यातली किती तरी आपापल्या घरातली शिकणारी पहिलीच असतात. खोली मिळत नाही, मालक कारण सांगत नाहीत, दवाखान्यात कोणाला बरोबर न्यावे कळत नाही, दिवाळीत वसतिगृह रिकामे होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राला पत्र लिहा, मी निवृत्त मुख्याध्यापक आहे, एका-दोघांचा स्थानिक पालक व्हायला तयार आहे, असे कळवा. सातारा काही लांब नाही, सुट्टीत त्यांना घरी बोलवता येईल.