वाचकांचे प्रश्न : ग्विनेदचे राजघराणे

प्रश्न : वेल्सच्या इतिहासात एकाच राजाचे नाव ल्युवेलिन, लेवेलिन, लिवेलिन असे वेगवेगळे वाचायला मिळते. बरोबर कोणते? आणि प्रत्येक नावात येणारे ‘आप’ म्हणजे काय?

उत्तर : पहिले अक्षर देवनागरीत नेमके लिहिता येत नाही, म्हणून हा घोळ होतो. जीभ ‘ल’साठी ठेवतो तशी टाळूला लावावी, आवाज न काढता नुसती हवा जिभेच्या कडेने सोडावी, की तो वेल्श उच्चार होतो. आम्ही ‘लेवेलिन’ लिहितो. ‘आप’ म्हणजे ‘चा मुलगा’. लेवेलिन आप ग्रिफिद म्हणजे ग्रिफिदचा मुलगा लेवेलिन. आजोबा आणि नातू दोघांचेही नाव लेवेलिन असल्याने बापाचे नाव सोडू नये. आजोबा लेवेलिन आप योरवर्थ (मृत्यू १२४०) ‘थोरला’ म्हणून ओळखला जातो, नातू ‘शेवटचा’ म्हणून.

प्रश्न : हेन्री दुसरा आणि जॉन यांच्यासारख्या बलाढ्य इंग्रज राजांना वायव्य वेल्समधले ग्विनेद हे छोटे राज्य कायमचे जिंकता आले नाही. मग पहिल्या एडवर्डला ते कसे जमले?

उत्तर : याचे उत्तर शौर्यापेक्षा धान्यात आहे. ग्विनेदची रचना पाहा. पूर्वेला जंगल आणि दलदल, मग कॉन्वी नदी, तिच्यामागे स्नोडोनियाचे डोंगर आणि त्यांच्याही मागे, मेनाईच्या अरुंद सामुद्रधुनीपलीकडे, मोन बेट. डोंगरात गुरे चरत, धान्य बेटावर पिके. शत्रू आला की वेल्श लोक गुरे घेऊन नदीपलीकडे डोंगरात जात. समोरासमोरची मोठी लढाई टाळत आणि मागून येणाऱ्या रसदीवर छापे घालत. सरदारांच्या लष्करी सेवेची ठरलेली मुदत चाळीस दिवसांची. त्यामुळे इंग्रज राजाजवळ वेळ कमी आणि शिधा त्याहून कमी.

११६५ मध्ये हेन्री दुसऱ्याचे सैन्य बेर्विनच्या डोंगरावर ऐन ऑगस्टच्या पावसात अडकले, शिधा संपला, माघार घ्यावी लागली. त्याचा सूड त्याने ओलिसांवर उगवला. ग्विनेदचा तेव्हाचा राजा ओवाइन ग्विनेद याच्या दोन मुलांचे डोळे काढले गेले. १२११ मध्ये जॉन कॉन्वीच्या मुखाजवळच्या देगान्वीपर्यंत पोचला. तिथे सैन्याची अशी उपासमार झाली, की एक अंडे दीड पेनीला विकले गेले आणि घोड्याचे मांस पक्वान्नासारखे लागले, असे वेल्श बखरकार नोंदवतो. मात्र जॉन त्याच उन्हाळ्यात पुरेशा शिध्यासह परत आला, कॉन्वी ओलांडली, बँगोर जाळले. थोरल्या लेवेलिनला तेव्हा पत्नी जोनला बोलणीसाठी पाठवावे लागले. ती जॉनचीच मुलगी. कॉन्वीच्या पूर्वेचा प्रदेश गेला, पण जॉन स्वतःच्या सरदारांशी झगडण्यात गुंतताच लेवेलिनने तो परत घेतला. १२१५ च्या मॅग्ना कार्टात (जॉनने सरदारांना दिलेल्या सनदेत) लेवेलिनचा ओलीस ठेवलेला मुलगा सोडण्याचे स्वतंत्र कलम आहे.

एडवर्डने १२७७ मध्ये हीच कमतरता भरून काढली. चेस्टरहून निघताना त्याने वाट शोधली नाही, तयार केली. दीड हजारांहून अधिक लाकूडतोड्यांनी जंगलातून रुंद रस्ता पाडला, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापा घालायला आडोसा राहिला नाही. फ्लिंट आणि रिद्लान इथे किनाऱ्यालगत तळ पडले, जहाजे शिधा आणू लागली. रिद्लानला तर पुढे क्लुइड नदीचे पात्र दोन मैलांहून जास्त खोदून सरळ केले, का तर गलबते थेट किल्ल्याखाली लागावीत. मग आला निर्णायक घाव : आरमाराने मोन बेटावर सैन्य उतरवले आणि त्याच्याबरोबर ३६० कापणीवाले. उभे पीक इंग्रजांनी कापून नेले. डोंगरात बसलेल्या नातू लेवेलिनपुढे हिवाळा होता आणि कोठार शत्रूच्या ताब्यात. ९ नोव्हेंबर १२७७ ला त्याने तह केला.

आणखी एक आकडा कटू आहे, पण टाळू नये. त्या मोहिमेत एडवर्डच्या पायदळाची सर्वोच्च संख्या सुमारे १५,६०० होती आणि त्यातले सुमारे ९,००० वेल्श होते. लेवेलिनचा सख्खा भाऊ दाविदही तेव्हा एडवर्डच्या बाजूने होता.

प्रश्न : भाऊ भावाविरुद्ध का गेला? हा फितुरीचाच प्रकार ना?

उत्तर : नुसती फितुरी म्हटले, की खरे कारण नजरेआड होते. वेल्श कायद्यात बापाची जमीन सर्व मुलांत सारखी वाटली जाई, बापाने मान्य केलेल्या अनौरस मुलांनाही. धाकट्याने वाटे पाडायचे आणि थोरल्याने आधी निवडायचे. शेतजमिनीला ही पद्धत न्याय्य, राज्याला घातक. थोरल्या लेवेलिनने ती मोडून जोनचा मुलगा दाविद हा एकटाच वारस ठरवला, १२२२ मध्ये पोपची मंजुरीही घेतली. पण डावललेला थोरला मुलगा ग्रिफिद इंग्रजांच्या हातातले प्यादे झाला. १ मार्च १२४४ ला लंडनच्या टॉवरमधून चादरींच्या दोरीने उतरताना तो पडून मेला. त्याच्या मुलांतही तेच : नातू लेवेलिनने थोरला भाऊ ओवाइन याला वीस वर्षांहून जास्त कैदेत ठेवले. मग धाकटा भाऊ दाविद (जोनच्या मुलाचा हा पुतण्या) याला आपलीही तीच गत होईल असे वाटले, तर नवल नाही.

प्रश्न : १२६७ च्या तहात इंग्लंडने लेवेलिनला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ मानले, ते कशाच्या बदल्यात?

उत्तर : मुजरा आणि पैसा. मॉन्टगोमेरीच्या तहात २५,००० मार्क ठरले. सुरुवातीला ५,०००, पुढे दरवर्षी ३,०००. मार्क हे नाणे नव्हते, हिशेबाचे एकक होते : १३ शिलिंग ४ पेनी (दोन तृतीयांश पौंड). म्हणजे वार्षिक हप्ता २,००० पौंड. गुरांवर जगणाऱ्या डोंगरी राज्याला तो फार जड होता आणि वसुलीने प्रजा दुखावली. आमच्या मते हा विजय मिळाला त्याच दिवशी लेवेलिनच्या गळ्यात फास पडला. हप्ते थांबले, मुजरा टळत गेला आणि एडवर्डला युद्धाचे कारण मिळाले.

प्रश्न : शेवट नेमका कधी मानावा?

उत्तर : मार्च १२८२ मध्ये दाविद एडवर्डवर उलटला, त्याने इंग्रजांच्या हॉवर्डन किल्ल्यावर हल्ला केला आणि लेवेलिनला उठावात उतरावे लागले. ६ नोव्हेंबरला मेनाईवरच्या होड्यांच्या पुलाने आलेली इंग्रज तुकडी वेल्शांनी पाण्यात लोटली. पण लेवेलिन ग्विनेद सोडून मध्य वेल्समध्ये गेला आणि ११ डिसेंबरला किलमेरीजवळ मारला गेला. दाविदला ३ ऑक्टोबर १२८३ ला श्रूजबरीत देहदंड झाला. पुढची पिढी जाणूनबुजून संपवली गेली. लेवेलिनची तान्ही मुलगी ग्वेनलियन लिंकनशरच्या मठात ठेवली, तिथेच ती १३३७ मध्ये वारली. दाविदचे मुलगे ब्रिस्टलच्या किल्ल्यात कोंडले. त्यांपैकी ओवाइनला रात्री ठेवायला लोखंडाने बांधलेला लाकडी पिंजरा करण्याचा हुकूम १३०५ चा आहे. लेवेलिनच्या आणखी एका धाकट्या भावाचा नातू ओवाइन लाउगोख फ्रान्सच्या राजाकडे सेनानी झाला. १३७८ मध्ये इंग्लंडने हस्तकाकरवी त्याची हत्या केली आणि मारेकऱ्याला २० पौंड दिले. पुरुष वारसांच्या दृष्टीने हाच शेवट.

प्रश्न : वेल्सला जाणार आहोत. या घराण्याचे कोणते किल्ले पाहावेत?

उत्तर : कार्नार्वन, कॉन्वी आणि हार्लेख पाहून लोक वेल्श राजांचे वैभव पाहिल्याच्या समजुतीत परततात. हे तिन्ही एडवर्डने १२८३ पासून त्यांच्याच छातीवर बांधले. घराण्याचे स्वतःचे पाहायचे तर दोलविदेलान, दोलबादार्न आणि कास्तेल अ बेर. आकाराने लहान, पण खिंडी आणि कुरणे राखायला जागा अचूक निवडलेल्या. कॉन्वीला गेलात, तर हे लक्षात ठेवा : तिथे थोरल्या लेवेलिनला पुरले होते तो मठ होता. एडवर्डने किल्ल्यासाठी मठ हलवला. लेवेलिनची मानली जाणारी दगडी शवपेटी आता लानरूस्तच्या चर्चमध्ये आहे, रिकामी.