टाचेच्या ऑपरेशननंतर शोची कुत्री कशी सांभाळावीत? देऊन टाकावीत का?

नाही, देऊन टाकू नका. यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. माझ्या सख्ख्या भावाशी घातलेला हाच वाद अजून मिटलेला नाही.

तुम्ही लिहिलंय की टाचेच्या हाडात प्लेट बसवली आहे, तीन महिने पाय टेकवायचा नाही, घरी दोन डॉबरमन आहेत, हिवाळ्यातले शो तोंडावर आलेत आणि घरचे ‘कुत्री कोणाला तरी देऊन टाक’ म्हणून मागे लागलेत. माझंही टाचेचंच हाड होतं. कुत्री मात्र कारवानी जातीची, दोन, बाजी आणि वीरा.

मी पडले ती शिडीवरून. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक अडकला होता, तो बघायला चढले आणि शिडी सरकली. उभीच्या उभी टाचेवर आले. कुत्री त्या वेळी मागच्या अंगणात बंद होती. हे मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या नात्यागोत्यात आजही ‘कुत्र्यांपायी हिचा पाय गेला’ असंच सांगतात. कुत्र्यांचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

टाचेला लगेच हात घालत नाहीत, हे तुम्ही अनुभवलंच असेल. सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत थांबावं लागतं. डॉक्टर रोज राउंडला आले की घोट्याखालची कातडी बघायचे, मान हलवायचे आणि ‘अजून नाही’ म्हणून पुढच्या पेशंटकडे जायचे. मग ऑपरेशन झालं, बाहेरच्या बाजूला काटकोनातला छेद घेऊन. माझ्या बाबतीत त्या छेदाचा कोपराच काळा पडला. टाचेवर मांस नसतंच, नुसती कातडी आणि हाड, त्यामुळे तिथली जखम हट्टी असते. टाके काढायची तारीख पुढे पुढे जात राहिली. पाय पलंगाखाली सोडला की जांभळा व्हायचा आणि आतून असा ठणका लागायचा की डोळ्यांत पाणी यायचं. पावलाची बाहेरची कड बधिर झाली, ती अजूनही पूर्ण जागी नाही. उशांची चवड रचून, पाय छातीपेक्षा वर ठेवून पडून राहायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

अशातच दादा आला. माझ्याशी बोलायच्या आधी यांच्याशी बोलला. म्हणे, कारवानी हे वस्तीवरचं कुत्रं, आपल्या आजोबांनी वस्तीवरच सांभाळलं, तिकडेच नेतो, हिचा पाय बरा झाला की बघू. आजोबा कुत्री घेऊन सशामागे जायचे हे खरं. पण १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि ते दिवस संपले. आता वस्तीवर मोकळं रान उरलेलं नाही, जिकडे तिकडे काटेरी तार. हे मी पडल्या पडल्या सांगत होते आणि दादा मला ‘तू विश्रांती घे’ म्हणत होता. वीरा पलंगाखालून बाहेर आलीच नाही, म्हणून राहिली. बाजीला जीपमध्ये घालून बार्शीकडे नेलं.

कारवानी नजरेनं शिकार करणारं कुत्रं. लांबवर काही हललं की ते सुटतं, मग मध्ये काय आहे ते त्याला दिसत नाही. बाजी तारेतून आरपार गेला. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नाही, केस आखूड, कातडी जुन्या धोतरासारखी फाटते. मांडी उघडी पडली होती. टाके घालताना चौघांनी दाबून धरलं म्हणे. खाणं काय, तर भाकरी आणि ताक. परत आला तेव्हा पाठीचे मणके मोजता येत होते.

मांडी भरून आली. दादा आजही तेवढंच धरून बसतो, ‘भरून आलं ना?’ माझा जीव ज्यासाठी तुटला ते वेगळंच आहे. परक्याचा हात अंगावर घ्यायचा नाही, हा कारवानीचा जातीचा स्वभाव. आणि रिंगमध्ये जजला दात दाखवायचे असतात, अंगावरून हात फिरवू द्यायचा असतो. पिल्लू असल्यापासून मी बाजीला त्याची सवय लावली होती. चौघांनी दाबून धरल्यावर ती मोडली. दूधवाल्यानं नुसता हात पुढे केला तरी तो भिंतीला चिकटून थरथरायचा.

आता तुमच्या कामाचं. खुर्चीत बसून कुत्र्याचं अर्धं शिक्षण होतं, आणि तेच अर्धं बहुतेकांचं कच्चं असतं. मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची दारात ठेवायची, पाय समोरच्या स्टुलावर उशीवर, वाटीत उकडलेल्या कलेजीचे तुकडे. येणाऱ्या प्रत्येकाला कामाला लावलं. आधी नुसतं शेजारी उभं राहायचं, बाजीकडे बघायचं नाही. मग हनुवटीखाली उलटा हात. मग खांद्यावर. पाठीवरून शेपटीपर्यंत हात जाऊ द्यायला फार वेळ लागला, आणि ओठ उचलून दात बघायचं काम मी सगळ्यात शेवटी ठेवलं. ते आधी फिजिओथेरपीच्या ताईंना जमलं. माझा घोटा वाकवून झाला की त्या त्याचे दात बघायच्या. तुमच्या डॉबरमनना परक्यांची एवढी अडचण नसेल, पण स्थिर उभं राहणं, बाइट म्हणजे दातांची ठेवण दाखवणं, नखं कापून घेणं, हे सगळं खुर्चीतून घोटून घ्या.

फिरवायला दुसरं माणूस लागेलच. कुबड्या असताना लीड हातात घ्यायची नाही, व्हीलचेअरला तर बांधायचीच नाही. डॉबरमनचा एक हिसका आणि प्लेटसकट सगळं पुन्हा. वॉकर आधी खोलीत नुसता ठेवून द्या, कुत्र्यांना हुंगू द्या, मग वापरा. पाय टेकवायची परवानगी मिळाली की वजनकाट्यावर पाऊल ठेवून किती भार पडतोय ते बघत वाढवायचं असतं. तेव्हा कुत्री दुसऱ्या खोलीत.

आणि चाटू देऊ नका. ‘कुत्र्यानं चाटलं की जखम भरते’ असं सांगणारी माणसं अजून आहेत, आमच्या घरातही आहेत. कुत्र्याच्या लाळेतले जंतू उघड्या जखमेत गेले, तर प्लेटपर्यंत पोचू शकतात. रात्री कुत्री पलंगावर नकोत, कितीही रडली तरी.

शोचं म्हणाल तर कुत्रं रिंगमध्ये मालकानंच पळवलं पाहिजे असं काही नाही. ओळखीच्या हँडलरला आतापासून घरी बोलवा, कुत्र्याशी गट्टी होऊ द्या, त्याच्या चालीशी चाल जुळू द्या. गट्टी झाली नाही तर हा मोसम सोडा. मादी माजावर आली तरी या काळात लावू नका. दोन महिन्यांत पिल्लं होतील आणि तुम्ही अजून वॉकरवरच असाल.

एक मात्र आहे. मदतीला घरात कोणीच नसेल, तर थोडे दिवस बाहेर ठेवावंच लागेल. तसं झालं तर कुत्र्याला आधीपासून ओळखणाऱ्या माणसाकडे ठेवा, गावात, पशुवैद्य जवळ असेल तिथे, आणि नोंदणीचे कागद व मायक्रोचिपचा नंबर तुमच्याजवळच असू द्या. ‘वस्तीवर मोकळं राहील’ म्हणणाऱ्याकडे नाही. दादाचं म्हणणं, गावठी कुत्र्याचे एवढे लाड कशाला. केनेल क्लब ऑफ इंडिया ज्याला कॅरव्हॅन हाउंड म्हणून नोंदवतो, ज्याच्या रक्ताचा मुधोळ हाउंड डाक खात्यानं २००५ साली तिकिटावर छापला, ते माझ्या भावाला गावठी वाटतं. आणि समजा गावठी असतं, तरी मी पडून असताना मला न विचारता नेण्याचा हक्क त्याला कोणी दिला? तुमच्या घरच्यांनाही हाच प्रश्न विचारा.

तुम्हाला मधुमेह असेल किंवा सिगारेट ओढत असाल, तर जखमेचं माझ्यापेक्षा अवघड जाईल. तेव्हा ड्रेसिंगच्या तारखा चुकवू नका आणि तुमच्या डॉक्टरांचं ऐका, माझं नाही. पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा. कुत्र्यांना रात्री-अपरात्री कोण बघेल, त्याचा फोन नंबर आजच दारामागे लिहून ठेवा.