सिम्युलेटर अडखळतोय म्हणून एसआयपी थांबवावी का?

प्रश्न: मी ३४ वर्षांचा, जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. हातात ३८,००० येतात. घरखर्च २६,०००, गाडीचा हप्ता ३,५०० (आठ महिने राहिलेत), एसआयपी ४,०००, आणि ६०,००० ची एक एफडी आहे. लहानपणापासून विमानांचा नाद. घरच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० खेळतो. दोन वर्षांपूर्वी घेतलेला रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबीची एक रॅम. आपल्या होटगी रोड विमानतळावरून उडताना ठीक चालतं, पण मुंबईत उतरताना फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) २२ वर येतात आणि चित्र अडखळतं. दुकानदार म्हणतो, ओव्हरक्लॉक करून, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून, ४.७ गिगाहर्ट्झ पक्के देतो. लिक्विड कूलर ९,०००, नवीन एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) ७,०००, कॅबिनेट ५,००० आणि कामाचे ३,००० असे २४,००० होतात. क्रेडिट कार्डावर सहा महिन्यांचा ‘नो कॉस्ट’ हप्ता बसतो. तेवढे सहा महिने एसआयपी थांबवली तर चालेल का?

उत्तर: आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. छंदावर खर्च करू नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. २०२३ च्या जूनमध्ये विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली आणि २०२५ च्या जूनमध्ये होटगी रोडवरून गोव्याचं विमान सुटलं. मधली इतकी वर्षं विमानाची वाट पाहणाऱ्या या गावात एखादा माणूस रात्री जेवण उरकून आपल्याच धावपट्टीवरून उडतो, यात मला तरी उधळपट्टी दिसत नाही. प्रश्न एवढाच की, या २४,००० रुपयांत तुम्हाला हवं ते मिळणार आहे का. माझ्या हिशेबाने नाही.

तुमचा प्रोसेसर कंपनीकडूनच एका कोअरवर ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत आपोआप जातो. दुकानदार ४.७ देतोय. म्हणजे वाढ झाली जेमतेम २ टक्के. प्रत्यक्ष खेळताना वेग थोडा खालीवर होत असेल असं धरून उदारपणे ४ टक्के म्हणू. २२ फ्रेमचे ४ टक्के वाढून २२.९ होतात. एक फ्रेमसुद्धा पदरात पडत नाही. शिवाय ‘पक्के’ हा शब्द मला खटकला. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन चिपही सारख्या नसतात. एक ४.७ वर शांत चालते, दुसरी त्याच वेगावर अर्ध्या तासात बंद पडते. चालवून बघितल्याशिवाय ते कुणालाच सांगता येत नाही.

तुम्ही टॉवेल कारखान्यात आहात, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. धोट्याच्या मागावर कांडी (आडव्या धाग्याची गुंडाळी) संपली की माग थांबतो, विणकर कांडी बदलतो, मग पुन्हा चालू. माग सांभाळणाऱ्या जॉबरने मागाचा वेग थोडा वाढवला तर काय होईल? कांडी लवकर संपेल, माग तितकाच वेळ थांबेल, ताण वाढून धागा तुटला तर आणखी थांबेल. संध्याकाळी कापड मोजलं की फरक नावापुरता. फ्लाइट सिम्युलेटरचंही बरंचसं तसंच आहे. त्याचं मुख्य काम एकाच धाग्यावर चालतं, त्याला मेन थ्रेड म्हणतात. मुंबईसारख्या दाट शहरावर हजारो इमारती, रस्ते, इतर विमानं यांची माहिती त्याला सतत लागते. ती रॅममधून येईपर्यंत प्रोसेसर हात बांधून उभा असतो. उभं राहण्याचा वेळ वेग वाढवून फारसा कमी होत नाही. त्याला मोठी कांडी लागते.

ही मोठी कांडी बाजारात आलेली आहे. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणि २०२४ मध्ये ५७००एक्स३डी हे प्रोसेसर काढले. ते तुमच्याच मदरबोर्डवरच्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसरच्या खाचेत) बसतात. तुमच्या चिपवर एल३ कॅश, म्हणजे माहिती हाताशी ठेवायची चिपमधलीच जागा, ३२ एमबी आहे, यांच्यावर ९६. गंमत बघा, ५७००एक्स३डीचा कमाल वेग ४.१, म्हणजे तुमच्या आजच्या चिपपेक्षाही कमी, तरी फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तो पुढे जातो. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला या एका गोष्टीत दिसतं. अडचण जिथे आहे तिथे तुमचा पैसा पोहोचतच नाहीये.

उष्णतेचंही बोलायला हवं, कारण आपण सोलापुरात राहतो. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.७ टिकवायला व्होल्टेज १० टक्के चढवावं लागलं, तर उष्णता सुमारे २३ टक्क्यांनी वाढेल. लिक्विड कूलर असला तरी तो खोलीतल्या हवेनेच थंड करतो, खोलीपेक्षा थंड काही करू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० च्या वर पारा आणि वर तापलेला स्लॅब असताना तुमच्या खोलीत रात्री दहालाही काय असतं, ते तुम्हीच जाणता. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत जी सेटिंग सुखाने चालली, ती मेमध्ये चालेलच असं नाही. माझ्या पुतण्याचं मशीन असंच हिवाळ्यात ओव्हरक्लॉक केलेलं होतं. मेच्या एका दुपारी मदरबोर्डचा वीज देणारा भाग जळाला, आणि ओव्हरक्लॉक केलं म्हणून वॉरंटी नाकारली गेली. पोराने सुट्टीत काम करून जमवलेले पैसे होते. त्याचं तोंड अजून आठवतं.

तुम्ही चिप दोन वर्षांपूर्वी घेतली असं लिहिलंय. डबाबंद रायझनला तीन वर्षांची वॉरंटी असते, म्हणजे अजून वर्षभर तुमच्याकडे संरक्षण आहे. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान त्यात बसत नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) वेग वाढवणारा पीबीओ नावाचा सोपा पर्याय असतो, तोही कंपनी ओव्हरक्लॉकिंगच मानते. विजेच्या बिलाची मात्र चिंता नको. ५० वॅट जादा, रोज तीन तास, म्हणजे महिन्याला साडेचार युनिट.

आता हप्त्याकडे येऊ. ‘नो कॉस्ट’मध्ये व्याज नाहीसं होत नाही. ते सवलतीच्या रूपाने वळतं केलं जातं, पण व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडूनच घेतला जातो आणि बहुतेक ठिकाणी प्रोसेसिंग फीही असते. ही रक्कम लहान आहे, ती मी धरून बसणार नाही. धास्ती आहे ती हप्ता चुकण्याची. अनेक कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. आणि तुमची ६०,००० ची एफडी म्हणजे सव्वादोन महिन्यांचा घरखर्च. कारखान्यात दोन पगार लांबले की पहिला हप्ता कुठला चुकेल?

एसआयपीचे सहा हप्ते म्हणजे बरोबर २४,०००. वर्षाला १० टक्के परतावा धरला, तर १५ वर्षांनी त्याचे सुमारे १ लाख होतात. परतावा कमीजास्त होईल, त्याची हमी कुणी देत नाही. पण १ लाख देऊन पाऊण फ्रेम घ्यावी, असं मला पटत नाही. शिवाय एकदा थांबवलेली एसआयपी पुन्हा सुरू करायला लोक किती वेळ लावतात, ते मी रोज बघतो.

म्हणून या रविवारी पैसे न घालता एवढं करा. सिम्युलेटरच्या जनरल ऑप्शन्समध्ये डेव्हलपर मोड चालू करून फ्रेमचा आकडा दाखवायला सांगा आणि मुंबईत उतरा. आकड्याजवळ ‘लिमिटेड बाय मेन थ्रेड’ असं दिसलं तर माझा तर्क बरोबर. मग टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघा. ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम, तिला पूर्ण वेगाने चालवणारं बायोसमधलं एक्सएमपी चालू न केल्याने, २१३३ किंवा २६६६ वर चाललेली मी कितीदा तरी पाहिली आहे. ३२०० ही तुमच्या प्रोसेसरची कंपनीनेच दिलेली मर्यादा आहे, त्यामुळे तिथवर बिनधास्त जा. टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीचा बारीक तपशील), विमानतळावरची वाहनं आणि इतर विमानांची गर्दी कमी करा. ढग आणि रिझोल्युशन कमी करून यात फायदा नाही, तो भार ग्राफिक्स कार्डावर असतो. आणि फ्रेम ३० वर बांधून टाका. २५ ते ४५ मध्ये हेलकावे खाणाऱ्या आकड्यापेक्षा एकसारखे ३० डोळ्याला कितीतरी बरे वाटतात. ६० हर्ट्झच्या पडद्यावर मग प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसतं.

पहिला खर्च करायचाच तर रॅमचा करा. रॅमच्या एकाच पट्टीवर मशीन चाललंय, तशीच दुसरी जोडली की रॅमकडून येण्याची वाट दुप्पट रुंद होते. सोबत पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट नवीन लावून घ्या. एवढ्याने भागलं नाही तरच एक्स३डी चिपचा विचार करा. ती घेताना जुनी विकता येते, म्हणजे हातचा खर्च कमी होतो. मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर ती चिप चालणाऱ्यांच्या यादीत आहे का ते आधी बघा, आणि बायोस अपडेट यूपीएसवरच करा. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

पैसा कुठून, तर तुमच्याच आकड्यांतून. ३८,००० मधून लिहिलेले सगळे खर्च वजा केले की ४,५०० उरतात, आणि ते कुठे जातात ते तुम्ही लिहिलं नाही. त्यातले ३,००० एफडीला जोडा, १,५०० छंदासाठी वेगळ्या खात्यात टाका. आठ महिन्यांनी गाडीचा हप्ता सुटला की ते ३,५०० ही एफडीकडे वळवा. मग साधारण १९ महिन्यांत सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडतो, आणि छंदाचं खातं दहा महिन्यांत १५,००० वर जातं. एसआयपीला हात लागत नाही, कार्ड पाकिटातून निघत नाही.

एक राहिलं. आरोग्य विम्याबद्दल तुमच्या पत्रात काहीच नाही. पगार २१,००० च्या वर असल्याने ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) संरक्षण तुम्हाला नसणार. कारखान्याची सामूहिक पॉलिसी असेल तर तिची रक्कम कळवा. नसेल तर ते १,५०० आधी हप्त्याला जातील, आणि मला माहीत आहे की हे तुम्हाला आवडणार नाही.

रविवारी मुंबईत उतरताना ती ओळ काय दाखवते, त्याचा फोटो काढून ठेवा. ‘मेन थ्रेड’ऐवजी ‘जीपीयू’ दिसलं तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे, मग एक्स३डी चिपही घेऊ नका. तसं झालं तर पुन्हा लिहा, आकडे नव्याने मांडू.