सुरू होतानाच अडकणारा जुना संगणक : वाचकांचे प्रश्न

जुना घरगुती संगणक सुरू होताना अडकतो, अशा आशयाचे बरेच प्रश्न आले आहेत. बहुतेकांनी 'हँग होतो' एवढेच लिहिले आहे. नेमका कोणता पडदा दिसत असताना तो थांबतो, हे ज्यांनी कळवले त्यांचे प्रश्न आधी घेतले आहेत, कारण निम्मे निदान तेवढ्यावरच होते.

प्रश्न : २०११ साली घेतलेला डेस्कटॉप चालू केला की मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह दिसते आणि तो तिथेच थांबतो. विंडोज ७ पुन्हा टाकावे लागेल का? (नाशिक)

उत्तर : नाही. हे चिन्ह पडद्यावर असते तोपर्यंत विंडोजला हातही लागलेला नसतो. मदरबोर्डवरच्या चिपमधील बायॉस हा प्रोग्रॅम त्या वेळी प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची हजेरी घेत असतो, आणि एखाद्याने उत्तर दिले नाही तर वाट पाहत बसतो. म्हणून कीबोर्ड आणि माउस सोडून प्रिंटर, पेन ड्राइव्ह, डोंगल असे सर्व काही काढून पाहावे. कॅबिनेटच्या दर्शनी भागातला कार्ड रीडर आतल्या केबलने यूएसबीलाच जोडलेला असतो, आणि नेमका तोच लक्षात राहत नाही.

एवढ्याने भागले नाही, तर भिंतीतला प्लग काढून हार्ड डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल सोडवावी आणि पुन्हा चालू करावे. आता संगणक न अडकता 'बूट करण्यासाठी डिस्क सापडत नाही' असा संदेश देत असेल, तर दोष डिस्कचा किंवा केबलचा आहे. केबल स्वस्त असते, त्यामुळे आधी तीच बदलावी.

घड्याळ दर वेळी काही वर्षे मागे जाते, असेही आपण लिहिले आहे. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपल्याची ती खूण आहे. सेल बदलण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : सेल संपला की बायॉसच्या सेटिंग्ज मूळ पदावर जातात, आणि काही जुन्या मदरबोर्डांवर डिस्कचा मोड, म्हणजे डिस्कशी संवाद साधण्याची पद्धत, 'एएचसीआय' या नव्या पद्धतीवरून 'आयडीई' या जुन्या पद्धतीवर येतो. विंडोज ७ एएचसीआयवर बसवलेले असेल, तर ते स्वतःचे चिन्ह दाखवून क्षणभर निळा पडदा दाखवते आणि पुन्हा सुरू होते, नि हेच चक्र चालू राहते. अशा वेळी नवा सेल बसवून बायॉसमध्ये मोड पूर्ववत केला की काम होते. हे न तपासता थेट विंडोज नव्याने टाकून देणारे तंत्रज्ञ मी पाहिले आहेत.

प्रश्न : विंडोज ७ सेफ मोडमध्ये सुरू करताना फायलींची यादी येते आणि 'क्लासपीएनपी डॉट सिस' या नावावर थांबते. ही फाइल काढून टाकू का? (सोलापूर)

उत्तर : कृपया काढू नये. यादीतले शेवटचे नाव हे व्यवस्थित लोड झालेल्या फाइलचे असते, त्यामुळे अडचण तिच्यानंतर जे व्हायला हवे होते त्यात आहे. ही फाइल डिस्कसारख्या साठवणीच्या साधनांशी संबंधित आहे आणि तिच्यानंतर लगेच यंत्रातील इतर सामग्री जागी होऊ लागते. त्यामुळे संशय पुन्हा डिस्क, तिची केबल, यूएसबीची उपकरणे, रॅम यांच्यावरच जातो. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. प्लग काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. मग पट्टीच्या सोनेरी कडेवर पांढरा खोडरबर अगदी हलक्या हाताने फिरवून कण झटकावेत. दमट हवेत ठेवलेल्या यंत्रांत एवढ्याने सुद्धा काम होते, पण जोराने घासल्यास मुलामा निघतो.

प्रश्न : विंडोजचे चिन्ह वीस मिनिटे फिरत राहते आणि आतून टक्-टक् आवाज येतो. दुकानदार 'फॉरमॅट मारून देतो' म्हणतो. डिस्कवर मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत. (पुणे)

उत्तर : संगणक आत्ताच बंद करावा आणि 'एकदा पाहू' म्हणून पुन्हा चालू करू नये. टक्-टक् हा बहुधा डिस्कचे वाचक-टोक पुन्हा पुन्हा जागा शोधत असल्याचा आवाज असतो. खराब झालेला भाग वाचता आला नाही की डिस्क तोच प्रयत्न करत राहते आणि विंडोज तिच्या उत्तरासाठी थांबते. फॉरमॅट केल्याने डिस्कमधली खराब तबकडी दुरुस्त होत नाही, फोटो मात्र हातचे जातात. विंडोजमधल्या 'चेकडिस्क' या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमची सखोल तपासणीही आत्ता नको, कारण ती आजारी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावते.

फोटोंची दुसरी प्रत कुठेच नसेल आणि आवाज सतत येत असेल, तर डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच डिस्क द्यावी. आवाज नसताना नुसता संथपणा असलेल्या इतर वाचकांनी पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) सुरू करून महत्त्वाचे फोल्डर आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवावेत. त्यानंतर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या मोफत प्रोग्रॅममध्ये बदललेल्या आणि बदलाच्या प्रतीक्षेतील सेक्टरांचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या छोट्या कप्प्यांचे, आकडे पाहावेत. ते शून्याच्या वर असून वाढत असतील, तर त्या डिस्कवर पुन्हा विंडोज टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

प्रश्न : सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर अडकतो. दोन-तीनदा बंद-चालू केल्यावर दिवसभर उत्तम चालतो. (कोल्हापूर)

उत्तर : थंड असताना रुसणे आणि तापल्यावर चालणे हे लक्षण विजेच्या बाजूचे आहे. मदरबोर्डवर आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात, नळकांड्यांसारखे, वीज साठवणारे कपॅसिटर असतात. त्यांच्यातील द्रव वर्षानुवर्षे आटतो, आणि थंडीत त्यांची क्षमता आणखी घटते. कॅबिनेटचे झाकण काढून प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर टॉर्चच्या प्रकाशात पाहावेत : त्यांचा माथा सपाट हवा. फुगलेला माथा किंवा त्यावरच्या रेघांतून पाझरलेला तपकिरी पदार्थ दिसला, तर निदान झालेच. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटर मोठ्या प्रमाणावर बाजारात आले होते, त्यामुळे त्या काळातल्या मदरबोर्डांवर हे हमखास पाहावे.

माथे ठीक असतील तर ओळखीच्याकडून चांगला एसएमपीएस आणून लावून पाहावा. बायॉसमध्ये व्होल्टेज दिसत असल्यास १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असावी. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यात धक्का देण्याइतकी वीज साठलेली राहू शकते.

प्रश्न : डेस्कटॉप दिसतो, पण पुढची दहा मिनिटे माउस हलत नाही. विंडोज १०, ४ जीबी रॅम. खर्च करावा का? (ठाणे)

उत्तर : दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढावा आणि टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागातील अनावश्यक नोंदी बंद कराव्यात. यंत्र बाकी धडधाकट असेल, तर जुन्या हार्ड डिस्कऐवजी साटा एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवणे हा एकमेव खर्च मी सुचवेन. मात्र विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मदरबोर्डवरची सुरक्षेची सोय लागत असल्याने ते आपल्या यंत्रावर रीतसर बसेलच असे नाही. बँकेचे व्यवहार त्यावर करायचे असतील, तर एसएसडीवर लिनक्स मिंट टाकून घ्यावे. मराठी टंकलेखन त्यातही व्यवस्थित होते.