पेन्सिल, स्क्रायबर, गुण्या ठेवायला घरच्या घरी होल्डर कसा बनवावा?

तुम्ही लिहिलंय की सुतारकामातली आखणीची हत्यारं, म्हणजे पेन्सिल, रेघ ओरखडायचा टोकदार स्क्रायबर, काटकोन तपासायचा गुण्या, सतत भुशाखाली जातात आणि शोधण्यातच वेळ जातो. त्यासाठी भिंतीवर मांडणी करू नका. ही हत्यारं दर मिनिटाला उचलावी-ठेवावी लागतात, म्हणून त्यांची जागा टेबलावर, काम करता करता हात पोचेल तिथेच हवी. एक भरीव ठोकळा पुरतो.

सागवानाचा उरलेला तुकडा घ्या, साधारण 250 मिमी लांब, 75 रुंद, 50 जाड. नसेल तर 18 मिमी प्लायचे तीन तुकडे एकमेकांवर चिकटवा. भोकं सरळ उभी न पाडता 10-15 अंश तुमच्याकडे कललेली पाडा. हत्यार न बघता जागेवर बसतं. त्या कोनाची पाचर ठोकळ्याखाली ठेवली की ड्रिल सरळच धरता येतो. पेन्सिल 7-8 मिमीची असली तरी भोक 10 चं ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, कोकणात तर फारच, आणि घट्ट भोकातून पेन्सिल एका हाताने निघत नाही. आतून वार्निशही नको.

पेन्सिलींची टोकं वर ठेवा, कोणती बोथट झालीय ते दिसतं. स्क्रायबर, सेंटर पंच (भोकाची खूण ठोकायचा), डिव्हायडर (दोन टोकांचा कंपास) मात्र टोक खालीच, नाहीतर घाईत तळहातात घुसतं. स्क्रायबरचं टोक कार्बाइडचं, म्हणजे फार कठीण पदार्थाचं असेल तर ते ठिसूळ असतं, म्हणून त्याच्या भोकाच्या तळाशी खोडरबराचा तुकडा टाका.

सहा इंची पोलादी पट्टीसाठी हातकरवतीने आडवी, 35 मिमी खोल चीर पाडा. करवतीची चीर साधारण एक-दीड मिमीची पडते, पट्टीला तेवढी बास.

गुण्या ठोकळ्यात खोचू नका. धक्का लागून पडला तर काटकोन जातो, आणि मग पुढची प्रत्येक रेघ चुकते. टेबलाच्या कडेला छोटी फळी बाहेर काढून तिच्यात खाच करा. पातं खाली लोंबतं, मूठ फळीवर टेकते. मार्किंग गेजलाही (कडेला समांतर रेघ आखायचं हत्यार) तिथेच दांड्याच्या मापाची खाच द्या.

लोहचुंबकाची पट्टी बरेच जण सुचवतील. मी लावणार नाही. पोलादी टोकात चुंबकत्व उतरतं आणि लोखंडाचा कीस चिकटत राहतो.

ठोकळा लगेच स्क्रूने पक्का करू नका. आठवडाभर सुटाच वापरा, हात आपोआप कुठे जातो ते बघा, मग तिथे पक्का करा.