शांत होण्यासाठी स्थिर बसलेच पाहिजे का?

प्रश्न : माझे वय 34 आहे. दोन वर्षांपूर्वी मला एडीएचडी (लक्ष टिकवणे व आवेग आवरणे अवघड करणारी मेंदूची स्थिती) असल्याचे निदान झाले. रोज वीस मिनिटे ध्यानाला बसावे, असे अनेक जण सुचवतात. परंतु डोळे मिटले की दुसऱ्याच मिनिटाला पाय हलू लागतात, राहिलेली कामे आठवतात आणि उठताना मी आधीपेक्षा जास्त बेचैन असतो. माझ्यात चिकाटीच नाही, असे समजायचे का?

उत्तर : तसे मुळीच समजू नका. एडीएचडीमध्ये लक्ष आणि आवेग यांवर ताबा ठेवणारी मेंदूतील यंत्रणा, जिच्यात डोपामिन व नॉरॲड्रेनलिन या रसायनांचा मोठा वाटा असतो, वेगळ्या रीतीने चालते. पाय हलवणे हा पुष्कळदा लक्ष टिकवण्यासाठी शरीरानेच काढलेला मार्ग असतो. तो बंद पाडून शांतता कशी मिळणार? म्हणून आधी शरीराला काम द्यावे. वीस मिनिटे भरभर चालल्यावर किंवा दोरीच्या उड्या मारल्यावर पुढचा काही काळ लक्ष आणि मनःस्थिती दोन्ही सुधारतात, असा अनेकांचा अनुभव आहे.

श्वसनही छोटेच असावे. चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा ते आठ आकडे मोजत सोडावा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते, आणि मोजण्यामुळे भटक्या मनालाही काम मिळते. असे सहा श्वास पुरेत.

ध्यान मात्र टाकून देऊ नका. एडीएचडी असलेल्या प्रौढ व किशोरवयीनांसाठी आखलेला आठ आठवड्यांचा सजगतेचा (माइंडफुलनेसचा) एक कार्यक्रम 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासला गेला. त्यात बैठक पाच मिनिटांपासून सुरू होत असे आणि चालत करायचे ध्यानही होते. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. परंतु ही आखणी तुमच्या वीस मिनिटांपेक्षा निश्चितच समंजस आहे.

खरी अडचण निराळीच असते. संताप चढला की शिकलेले तंत्र आठवतच नाही, आणि हा विसरही एडीएचडीचाच भाग आहे. तेव्हा 'सहा श्वास' अशी चिठ्ठी कामाच्या जागी, नजरेसमोर लावावी.

औषध सुरू असल्यास बेचैनी कोणत्या वेळी वाढते, याची आठवडाभर नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी. औषधाचा प्रभाव ओसरतानाही चिडचिड वाढू शकते. तसे असेल, तर मात्रा किंवा वेळ बदलण्याचा निर्णय त्यांनीच घ्यायचा आहे.