इंग्लंडमधल्या मार्लबरोच्या ड्यूकचं (ड्यूक म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा सरदार) घराणं चर्चिलांचं, मग ‘स्पेन्सर-चर्चिल’ या आडनावात स्पेन्सर कुठून आलं?

थोडक्यात सांगायचं तर, मुलीकडून.

राणी ॲनने १७०२ मध्ये जॉन चर्चिल या सेनापतीला ड्यूक केलं. १७०४ ची फ्रेंचांविरुद्धची ब्लेनहाइमची लढाई जिंकल्यावर वुडस्टॉकची जहागीर मिळाली, तिथेच ब्लेनहाइम पॅलेस उभा राहिला. तिचं भाडं म्हणजे दरवर्षी राजाला एक फ्रेंच झेंडा द्यायचा, तो आजही विंडसरच्या राजवाड्यात पोचवतात!

पण १७०३ मध्ये त्याचा मुलगा देवीने गेला. एरवी किताब बापाबरोबरच संपला असता. म्हणून १७०६ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून तो मुलींकडे जाऊ दिला. १७२२ मध्ये थोरली हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. तिच्यानंतर, १७३३ मध्ये, बहिणीचा मुलगा चार्ल्स स्पेन्सर ड्यूक झाला. म्हणजे पुढचे सगळे ड्यूक मुळात स्पेन्सरच. १८१७ मध्ये पाचव्या ड्यूकने राजाच्या परवानगीने ‘चर्चिल’ परत जोडून घेतलं. मोठ्या आजोळचं नाव कोण सोडतो?

विन्स्टन चर्चिल हे सातव्या ड्यूकचे नातू, पण धाकट्या पातीतले. १८९७ मध्ये नवव्या ड्यूकला मुलगा झाला नसता, तर किताब कदाचित त्यांच्याकडेच आला असता.